'सेस्क्विपिडेलियन' : दीड फुटी शब्दाला मराठीत काय म्हणाल?

उलथापालथ

एका इंग्रजी ललित लेखाचा अनुवाद करते आहे. बाकीचं सगळं सरसर झालं, एका वाक्यापाशी मात्र दोन दिवस अडून बसले आहे. वाक्याचा आशय असा: गृहस्थ बुटका होता, पण देवाने उंचीत जे फूट-दीड फूट कापून घेतलं ते त्याने आपल्या सेस्क्विपिडेलियन शब्दांनी वसूल केलं.

कोशात या विशेषणाचे दोन अर्थ मिळतात. शब्दाबद्दल बोलायचं तर 'फार लांब, पुष्कळ उच्चारखंडांचा'. माणसाबद्दल किंवा शैलीबद्दल बोलायचं तर 'असे शब्द वापरायची खोड असलेली'. मूळ लॅटिन. 'सेस्क्वि' म्हणजे दीड, 'पेस' म्हणजे पाऊल, म्हणून फूट. थोडक्यात दीड फुटी. लेखकाची सगळी गंमत त्या फुटात आहे. माणूसही फुटाने मोजला, शब्दही फुटाने मोजला.

आतापर्यंत खोडलेले पर्याय: लांबलचक (अर्थ आला, फूट गेला), बोजड (हे वजन झालं, लांबी नव्हे), शब्दबंबाळ (यात शब्दांची संख्या जास्त, एकेक शब्द लांब असेलच असं नाही), पल्लेदार (ही तर स्तुती झाली, आणि ती वाक्याची). 'दीड फुटी शब्द' असंही लिहून पाहिलं. वाचताना पट्टीची आठवण येते, माणसाची नाही.

सुचवा काहीतरी.

अर्धविराम

दीडशहाणा शब्द! दीड पण आला आणि टोमणा पण.

उलथापालथ

@अर्धविराम, सुचला होता. पण दीडशहाणा माणूस आखूड शब्दांतही दीडशहाणपणा करू शकतो. लांबी कुठे गेली?

अर्धविराम

मान्य. पण एक बघा. मराठीत 'दीड' लावला की कुणाचीतरी उतरलीच. दीडशहाणा म्हणजे गरजेपेक्षा अर्ध्याने जास्त, आणि दीड दमडीचा म्हणजे गरजेपेक्षा फारच कमी. एकच आकडा, दोन्हीकडून मारतो. इंग्रजीतला हा शब्दही टोमण्यातच वापरला जातो ना?

मात्रावृत्त

टोमणा जन्मापासूनचा आहे. रोमन कवी होरेसने 'आर्स पोएटिका' या पद्यात नाटककारांना चार गोष्टी सुनावल्या आहेत, त्यातलं हे आहे. शोकांतिकेतले टेलेफस आणि पेलिअस. एकेकाळचे वीर, आता दोघेही कफल्लक आणि देशोधडीला लागलेले. तो म्हणतो, अशा माणसांना आपलं दुःख प्रेक्षकाच्या काळजाला भिडवायचं असेल तर 'आम्पुला' आणि 'सेस्क्विपेदालिआ वेर्बा' फेकून द्यावे लागतात. वेर्बा म्हणजे शब्द. आम्पुला म्हणजे फुगीर पोटाची कुपी, इंजेक्शनच्या औषधाची अँप्यूल असते ना, तोच शब्द. म्हणजे फुगवलेली भाषा आणि दीड फुटी शब्द, दोन्ही टाका. भुकेला माणूस समासात रडत नाही.

इंग्रजीने हा शब्द सतराव्या शतकात तिथूनच उचलला. म्हणजे लांब शब्द वापरू नका असं सांगणारा शब्द उचलला आणि तोच लांब शब्द म्हणून मिरवला.

आता खरी मजा. होरेसची ओळ अशी:

प्रोइकित आम्पुलास एत सेस्क्विपेदालिआ वेर्बा

हे षट्पदी वृत्त आहे, ओळीत सहा पावलं. तिथेही 'पेस' हाच शब्द, वृत्ताचा गण म्हणजे पाऊल. लॅटिनमध्ये 'पे' ह्रस्व आणि शेवटचा 'आ'ही ह्रस्व धरायचा, की 'सेस्क्विपे' होतं गा-ल-ल (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू) आणि 'दालिआ' होतं गा-ल-ल. दोन भगण, एकामागोमाग एक. चौथं पाऊल आणि पाचवं पाऊल या एका शब्दाने अडवलेलं आहे. नाव दीड पावलाचं, बसतो दोन पावलांच्या जागेत! होरेसने हे मुद्दाम केलं की आपोआप झालं हा वाद घालायला मी तयार आहे. माझं मत, मुद्दाम.

खडूस

आपोआप. त्या वृत्तात पाचवं पाऊल बहुतेक वेळा गा-ल-लच असतं. शब्द इतका लांब आहे की दुसरीकडे कुठे बसवणार?

मात्रावृत्त

@खडूस, बसत नाही म्हणून टाकून देता आला असता. त्याने टाकला नाही, शेवटाजवळ नेऊन ऐटीत बसवला. 'टाकून द्या' म्हणताना स्वतः मात्र ठेवला. इतका योगायोग मला पचत नाही.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). भगणापर्यंत पोचलेला पहिलाच शब्दार्थाचा धागा.

दशांशचिन्ह

'सेस्क्वि' म्हणजे दीड हे बरोबर, पण तो दीड तयार कसा झाला ते बघा. लॅटिनमध्ये 'सेमिस' म्हणजे अर्धा, त्याला 'क्वे' म्हणजे 'आणि' चिकटला. सेस्क्वि म्हणजे नुसतं 'आणि अर्धा'. एक गृहीतच धरलेला! आपल्याकडे असा हिशोब 'साडे'मध्ये आहे: सार्ध, म्हणजे अर्ध्यासकट. साडेतीन म्हणजे तीन, अर्ध्यासकट. त्यामुळे व्युत्पत्तीचा काटेकोर अनुवाद करायचा तर तो होईल 'साडेफुटी'. (हलकेच घ्या.)

मराठी 'दीड' मात्र वेगळ्याच वाटेने आला. संस्कृत द्व्यर्ध, प्राकृतात दिवड्ढ, मग दीड. द्व्यर्ध म्हणजे 'दुसरा अर्धा': पहिला पूर्ण, दुसरा अर्धाच. तसाच अर्धतृतीयचा अडीच (तिसरा अर्धा) आणि अर्धचतुर्थचा औट (चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन). रशियनमध्ये दीडला 'पलतरा' म्हणतात, फोड केली की 'दुसऱ्याचा अर्धा'. जर्मनमध्ये 'आंडर्टहाल्ब', तेच. डॅनिशमध्ये 'हाल्वआनन', तेच. म्हणजे रोमन माणूस मागून पुढे मोजतो आणि आपण, रशियन, जर्मन आणि डॅनिश पुढून मागे.

अर्धविराम

औट म्हणजे साडेतीन? मग 'औट घटकेचं राज्य' हे साडेतीन घटकांचं! मी आजवर ते इंग्रजी आउट समजत होतो. राज्य गेलं, आउट झालं, असं काहीतरी. हसून हसून पुरेवाट, स्वतःलाच.

दशांशचिन्ह

घटका २४ मिनिटांची, म्हणजे राज्य ८४ मिनिटांचं. पाढ्यांतही आहे: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. दिडकीचा पाढा पाठ असलेल्या भाषेला दीडसाठी शब्द शोधावा लागू नये खरं तर.

खडूस

'सेस्क्वि' इंग्रजीत एकटा इथेच राहत नाही. दीडशेव्या वर्धापनाला सेस्क्विसेंटेनियल म्हणतात, १९२६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दीडशे वर्षांचं प्रदर्शन भरलं त्याचं नाव हेच. रसायनशास्त्रात सेस्क्विऑक्साइड, धातूचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, म्हणजे एकाला दीड. फेरिक ऑक्साइड तसलंच. सेस्क्विटर्पीन म्हणजे दहा कार्बनच्या टर्पीनच्या दीडपट, पंधरा कार्बनचं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्या घराण्यातलं. संगीतात तीनास दोन या प्रमाणाला सेस्क्विअल्टेरा म्हणत.

मात्रावृत्त

तीनास दोन म्हणजे षड्ज-पंचम. पंचम म्हणजे दीडपट षड्ज! आणि 'अल्टेरा' म्हणजे 'दुसरा', म्हणजे तिथे लॅटिनलाही दुसऱ्याची आठवण झाली.

वाचनमात्र

मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा 'पेडल' दिसलं. दीड पेडलची सायकल डोळ्यासमोर आली, आणि सायकल अडखळत चालते तसाच शब्दही जिभेवर अडखळतो म्हणून अर्थ जुळल्यासारखा वाटला. लहान मुलांचा 'पेड'ही मनात येऊन गेला, पीडियाट्रिकमधला. तो ग्रीक, वेगळा.

दशांशचिन्ह

सायकल अगदीच चुकीची नाही. पेडल त्याच पावलातून आलं. लॅटिन पेस-पेडिस, संस्कृत पाद, इंग्रजी फूट, सगळी सख्खी भावंडं. जर्मानिक भाषांत जुन्या 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट', म्हणून पाद आणि फूट ओळखू येत नाहीत इतकंच. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे पाव. सपाद म्हणजे सव्वा. पादोन म्हणजे पाऊण. फुटाचा भाऊ आपल्याकडे अपूर्णांकात नोकरीला आहे.

अर्धविराम

प्रश्न: हा शब्द स्वतःच स्वतःचं वर्णन करतो ना? लांब शब्दाला लांब शब्द. अशा शब्दांना काही नाव आहे का?

खडूस

ऑटोलॉजिकल. स्वतःला लागू पडणारा. उलट, 'मोनोसिलॅबिक' म्हणजे एका उच्चारखंडाचा, पण स्वतः पाच उच्चारखंडांचा. तो हेटेरोलॉजिकल, स्वतःला लागू न पडणारा. मग 'हेटेरोलॉजिकल' हा शब्द स्वतः कुठल्या पेटीत टाकायचा? स्वतःला लागू पडत असेल तर पडत नाही, आणि पडत नसेल तर पडतो. कुर्ट ग्रेलिंग आणि लेओनार्ड नेल्सन यांनी १९०८ साली मांडलेला हा विरोधाभास. पुढे जायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर.

मात्रावृत्त

मराठीत करून पाहिलं. 'त्र्यक्षरी': त्र्य-क्ष-री, बरोब्बर तीन अक्षरं. स्वतःला लागू. 'द्व्यक्षरी'ही तीन, खोटा. 'एकाक्षरी' चार, सपशेल खोटा.

आणि आता हे मोजा. 'पंचाक्षरी': पं-चा-क्ष-री, चार अक्षरं. 'चतुरक्षरी': च-तु-र-क्ष-री, पाच अक्षरं. दोघांनी एकमेकांचे अंगरखे घातलेत!

उलथापालथ

@मात्रावृत्त, हे फारच भारी. माझं काम राहिलं बाजूला, पण चालू द्या.

वाचनमात्र

जाता जाता, लांब शब्दांना घाबरण्याच्या रोगाला कुणीतरी थट्टेने हिपोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया असं नाव ठेवलं आहे. रोमन लिपीत ३६ अक्षरं. आत पाणघोडा आहे, राक्षस आहे, आणि आपला सेस्क्विपिडेलियनही आहे, त्यातही 'पी' हे अक्षर एक जास्तच घातलंय. रोग्याला रोगाचं नाव सांगितलं की रोग बळावतो.

खडूस

तशा प्रकारात ४५ अक्षरांचा तो फुप्फुसाच्या रोगाचा शब्द: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. अमेरिकेतल्या शब्दकोडेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली रचला. डॉक्टर त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि पुढच्या रुग्णाला बोलावतात. लांबीसाठीच लांब केलेले शब्द मला आवडत नाहीत. पहिलवानाने पोटात हवा भरून छाती मोजून घेण्यातला प्रकार.

इंग्रजीत सगळ्यात लांब शब्द कोणता, याचं पोरांचं उत्तर जास्त चांगलं आहे: 'स्माइल्स'. पहिल्या आणि शेवटच्या 'एस'मध्ये एक 'माइल' अंतर आहे. त्यावर वरचढ उत्तर 'बिलीगर्ड', त्याच्या पोटात 'लीग' आहे, तीन मैल.

दशांशचिन्ह

मैल राहू द्या, दीड फूट खरंच मोजून बघू. रोमन फूट साधारण २९.६ सेंमी, म्हणजे दीड फूट ४४.४ सेंमी. छापील पुस्तकात रोमन अक्षर सरासरी दोन मिलिमीटर रुंदीचं धरलं, तर दीड फूट भरायला २२२ अक्षरं लागतील. 'सेस्क्विपिडेलियन'मध्ये आहेत १४, म्हणजे २.८ सेंमी. अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. खडूस यांचा ४५ अक्षरांचा शब्द ९ सेंमी, अर्धी वीतही नाही. इंग्रजीत खरा दीड फुटी शब्द नाहीच!

संस्कृतात आहे. विजयनगरच्या तिरुमलांबेच्या 'वरदांबिकापरिणयचंपू'मधला १९५ अक्षरांचा समास, रोमनमध्ये लिहिला तर ४२८ अक्षरं. दोन मिलिमीटरने ८५.६ सेंमी. जवळजवळ तीन रोमन फूट.

किंवा उलटं करा. १४ अक्षरं ४४.४ सेंमीत पसरायची तर एकेक अक्षर सव्वातीन सेंमीच्या आतबाहेर. पाटीवर रंगवला की 'सेस्क्विपिडेलियन' शंभर टक्के खरा, पुस्तकात छापला की खोटा. ग्रेलिंग-नेल्सन यांना कळवा कुणीतरी, आकार बदलला की पेटी बदलते.

अर्धविराम

@दशांशचिन्ह, दंडवत. तुमच्या हाताखाली शिकायला हवं होतं.

मात्रावृत्त

एक गोष्ट राहिली. होरेसच्या आधी हा शब्द शब्दांसाठी नव्हताच, तो सुतार-गवंड्यांचा होता. रोमन विटांत दीड फूट बाजूच्या चौरस विटेला 'सेस्क्विपेदालिस' म्हणत. आणि सीझरने इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल बांधला, त्याचं वर्णन त्याच्या गॉलच्या युद्धवृत्तांतात आहे. तिथे नदीत रोवलेल्या खांबांना तो 'तिग्ना सेस्क्विपेदालिआ' म्हणतो. दीड फूट जाडीचे वासे. होरेसची थट्टा आता नीट कळते. तो नटाला म्हणतोय, अरे, तू शब्द बोलतोयस की तोंडातून वासे काढतोयस?

हे 'दीड फुटी' म्हणताना आपल्याला ऐकू येत नाही, त्याच्या श्रोत्यांना येत असणार. जाडजूड, ताशीव, उचलायला दोन माणसं लागणारं लाकूड.

खडूस

लाकूड म्हटलं आणि आठवलं. एक हात लाकूड, दहा हात ढलपी.

उलथापालथ

थांबा थांबा.

एक हात म्हणजे किती? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन विती. १८ इंच.

म्हणजे दीड फूट!

दशांशचिन्ह

बरोबर. रोमनांचंही तेच, त्यांचा 'कुबितुस' म्हणजे कोपर आणि कोपरापासूनचा हात, बरोब्बर दीड 'पेस'. मी इतकी गणितं केली आणि हे दिसलं नाही.

उलथापालथ

मग सेस्क्विपिडेलियन म्हणजे हातभर! हातभर शब्द. दोन दिवस मी फुटाचा फूट शोधत होते आणि माप आपल्याच कोपराला लटकलेलं होतं. शिवाय हातभर जीभ आहेच मराठीत. टोमणा ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

अर्धविराम

आणि माणूसही हातानेच मोजतो आपण. साडेतीन हातांचा देह. औट हात!

उलथापालथ

@अर्धविराम, तेच लिहीत होते. 'साडेतीन हातांचा माणूस, पण एकेक शब्द हातभर.' माप एक, गंमत शाबूत.

खडूस

नाही. साडेतीन हात सगळेच असतात, ज्याच्या त्याच्या हाताने. तुमचा गृहस्थ बुटका आहे. मूळ वाक्यात कापून घेतलेली उंची आहे, ती कुठे गेली?

मात्रावृत्त

शिवाय 'साडेतीन हात' म्हटलं की मराठी वाचकाला नश्वर देह आणि साडेतीन हात जागा आठवते. थट्टा एकदम स्मशानात जाईल.

'दीडचरणी शब्द' कसा वाटतो? पाऊलही राहतं, वृत्तही राहतं.

उलथापालथ

@मात्रावृत्त, सुंदर आहे, पण ते तुम्हाला आणि मला कळेल. खडूस यांचं मात्र पटलं. असं करते:

'देवाने त्याला जेमतेम तीन हातांवर आवरतं घेतलं होतं. पण तो बोलायला लागला की एकेक शब्द हातभर.'

खडूस

तीन हात म्हणजे साडेचार फूट. बुटका झाला. 'वसूल केलं' गेलं, पण ते 'पण'मध्ये थोडंफार आहे. चालेल.

वाचनमात्र

खडूस 'चालेल' म्हणाले! या धाग्याला शेंदूर फासा.

दशांशचिन्ह

हिशोब तपासला. माणूस तीन हात, शब्द एक हात. तीन शब्दांत गृहस्थ टाळूपासून टाचेपर्यंत पूर्ण झाकला जातो. चौथा शब्द काढला की जमिनीवर लोळणार.

उलथापालथ

@दशांशचिन्ह, हे वाक्यात घालायचा फार मोह होतोय.

खडूस

घालू नका. मूळ लेखकाने दीड फूट दिलाय, तुम्ही ढलपी काढू नका.